एकेचाळीस रिबिटांची ओळ

आमच्या गोठ्यात इमान हाय म्हणलं की लोक आदी हासत्यात आन मग इचारत्यात, "मग म्हशी कुठं बांधता वो?" म्हशी लिंबाखाली बांधते, आनि कुठं बांधू, माडीवर? तीन वर्सं झाली. पावसाळ्यात त्यांच्या डोक्यावर ताडपत्री टाकायची, पायाखाली मुरूम वढायचा आन शेण काढता काढता नवऱ्याला शिव्या घालायच्या, ह्यो माजा नेम. गोठ्यात ह्या भिताडापासनं त्या भिताडापातूर नुसतं इमानाचं धड. पंख अजून जोडलं नव्हतं, भितीला टेकवून ठिवल्यालं. पुढं बसायची जागा आन मागं निमुळती होत गेल्याली शेपूट. कुंडलच्या बाजाराला गेलं तरी बाया सोडायच्या न्हाईत. "शालूबाई, उडालं का?" मी म्हणायची, "उडाली की, माजी झोप."

आमचं मालक, लालासाहेब, सव्वीस वर्सं एअरफोर्सात हुतं. इमान चालवायला न्हवं, इमानाचा पत्रा सांधायला. फाटल्याला पत्रा कापायचा, नवा बसवायचा, रिबिटं मारायची, ह्यात सगळी उमर गेली. गावात फौजी काय कमी न्हाईत. पेन्शनीत आलं की कुणी बँकेच्या दारात बंदूक घिऊन बसतंय, कुणी सोसायटीच्या निवडणुकीला उभं ऱ्हातंय. ह्यांनी ॲल्युमिनियमचं पत्रं आणलं. म्हणालं, "दुसऱ्याची इमानं लय शिवली. आता एक आपलं." मी म्हणलं, घ्या शिवून, तेवढंच पायात पाय कमी. पोरगा राजवर्धन आसामात पलटणीत, लेक सासरी वाईला. घरात आमी दोघंच, आन तिसरं ते धूड.

पत्र्याचं काम एकट्याचं न्हवं. पत्र्यावर पत्रा ठेवायचा, भोकं पाडायची, भोकात रिबीट, म्हंजी डोकं असल्याला बिनआट्याचा खिळा, घालायचं. भायेरनं हे हवेच्या बंदुकीनं रिबिटाच्या डोक्यावर मारणार. आतनं दुसऱ्या माणसानं लोखंडाचा ठोकळा, त्याला हे डॉली म्हणत्यात, रिबिटाच्या बुडाशी दाबून धरायचा. मधी रिबीट चेपतं आन आतल्या अंगानं बटणावाणी चपटं हुतं. मग ते जन्मात निघत न्हाई. आतनं कुणी दाबलंच न्हाई तर रिबीट नुसतं भोकात बसून ऱ्हातं. भायेरनं बगितलं तर दोन्ही सारखीच.

आत शिरायला बारीक माणूस पायजे. आमचं हे सा फूट, त्यात पेन्शनीचं पोट. मी शिरले तर पत्रा कापूनच भायेर काढाय लागंल. म्हणून बिरदेव.

बिरदेव वस्तीवरच्या धनगराचा. अठरा वर्सं आमच्या उसात वाट्यानं राबत हुता. पन्नाशीचा गडी, पर अंगानं वाळल्याल्या शेंगंवाणी. हे त्याला उंदीर म्हणायचं. "शीर उंदरा बिळात!" त्यो हासायचा आन शिरायचा. मला त्याचं ते हासणं कवा आवडलं न्हाई, पर मी बी कवा बोलले न्हाई.

बंदुकीच्या आवाजात आतल्याचं भायेर ऐकू येत न्हाई. म्हणून एअरफोर्सातली रीत ह्यांनी त्याला शिकिवली. आतनं डॉलीनं पत्र्यावर एक टक्का दिला की ठीक, फुडं चला. दोन दिलं की कमी चेपलंय, अजून मारा. तीन दिलं की रिबीट वाकडं झालं, काढा. बिरदेव मुलखाचा अबोल, त्याला ही रीत लय गोड लागली. जेवताना बायकू, राहीबाई, म्हणायची, "भाकरी पुरं का?" की ह्याचा ताटावर बोटानं एक टक्का. "कोरड्यास?" दोन टक्कं, म्हंजी अजून वाढ. राहीबाई माज्या दारात येऊन भांडायची, "आक्का, दादास्नी सांगा, पत्रं शिवता शिवता माज्या नवऱ्याचं तोंड शिवलं त्यांनी." आमी दोघी पोट धरून हासायचो.

ह्या वैशाखात ऊन असं पडलं की कोंबड्या दिवसाढवळ्या चोची उघड्या टाकून बसायच्या. कॅनॉलची पाळी बारा दिस लांबली. ऊस पिवळा पडला, ढेकळं पायाला टोचाय लागली. आन ज्या दिवशी पाणी सुटणार, दुपारी दोनाला आमची पाळी, त्याच दिवशी शेपटीची शेवटची ओळ ऱ्हायली हुती. एकेचाळीस रिबिटं. ती मारली की शेपूट बंद.

बिरदेव सकाळी आला आन उंबऱ्याभायेर उभा ऱ्हायला. "दादा, आज छातीत जळजळतंय. दोनाला पाणी बी हाय. उद्या मारू की."

हे रिबिटं निवडत हुतं. वर न बगता म्हणालं, "पाणी कुठं पळून जातंय? दोनाच्या आत फिनिश करू."

"लय तापतुया आत दादा."

"मी जोधपूरला असल्या उन्हात निजलोय, समजलं का? आन तुला काय नांगर वढायचाय? आत निजायचंच काम. शीर बिळात."

त्या दिवशी त्यो हासला न्हाई. टॉवेल भिजवून डोक्याला बांधला, शर्ट काढून खुंटीला लावला आन डोक्याकडनं शेपटीत शिरला. पायाच्या टाचा तेवढ्या दिसत हुत्या, भेगाळल्याल्या. मग त्या बी आत गेल्या.

मी अंगणात कुरडयांचा चीक शिजवत हुते. बाराला बंदूक सुरू झाली. टर्रर, मग टक. टर्रर, मग टक. साडेबाराच्या सुमाराला मी च्या घिऊन गेले. आमच्या मालकाला आग लागल्याल्या दुपारी बी च्या लागतो. ह्यांच्या अंगावरनं घामाच्या धारा, कपाळाची शीर उठल्याली, तोंड रागीट. मला वाटलं उन्हानं. मी बंदूक थांबल्यावर शेपटीशी वाकले आन म्हणलं, "बिरदेव, च्या ठिवलाय रं. जरा भायेर ये."

आतनं टक. एकच.

एक म्हंजी ठीक. माजा चीक बुडाला लागत हुता, वास सुटला हुता. मी पळाले.

दीडाला बंदूक थांबली. ह्यांचा आवाज आला, "फिनिश! ये उंदरा भायेर. जा तुज्या पाण्याला." मग परत, "आरं ये की. रुसला जणू." मग मला हाक मारली ती अशी, की माज्या हातातला सोऱ्या खाली पडला.

दोघांनी मिळून त्याला पायाला धरून वढला. डाव्या कुशीवर निजल्याला हुता. गाल पत्र्याला टेकून टेकून लाल झाल्याला, त्यावर पत्र्याच्या कडंची खूण. डोळं उघडं. डॉली मुठीतच. बोटं एक एक करून सोडवाय लागली. अंग इतकं गरम की हात ठिववंना. मेल्याल्याचं अंग गार पडतं म्हणत्यात, पर त्या पत्र्यात ते गार पडणार कुठनं? कवा गेला ते कसं कळावं?

डाक्टर आला, बगितलं, म्हणाला, "उन्हानं काळीज बंद पडलं. बराच येळ झालाय. पटकन गेला असणार, तरास न्हाई झाला."

"बराच येळ कसा?" हे म्हणालं. "डाक्टर, आत्तापातूर टक्का देत हुता की. एकेचाळीस दिलं त्यानं. मी मोजल्यात."

डाक्टरनं ह्यांच्याकडं बगितलं, मग माज्याकडं बगितलं, आन पिशवी आवरली. त्या दिवशीचं पाणी फुडच्याच्या रानात गेलं.

असल्या गोष्टी झाकून ऱ्हात्यात का? मेल्याल्या बिरदेवनं आतनं टक्कं दिलं, ही गोष्ट पलूसपातूर गेली. दूध न्यायला येणाऱ्या बाया गोठ्याच्या अंगानं यायच्या बंद झाल्या, वळसा घालून चुलीकडनं याय लागल्या. एक म्हातारी तर म्हणली, "शालू, त्यो अजून आतच हाय. त्याला कुणी ये म्हणलंच न्हाई नीट." मी तिला म्हणलं, "आत्ते, दूध घे आन नीघ." पर त्या रात्री न्हवं, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भांडी घासताना मला ते आठवलं आन हातातली राख तशीच ऱ्हायली.

धावं झालं आन ह्यांनी गोठा उघडला. पैलं काम काय केलं? त्या ओळीवर पांढरा रंग मारला. बाकीचं इमान तसंच उघडं, रंग फकस्त त्या ओळीवर. एक हात, दोन हात, तीन हात. मी इचारलं, "तितनंच का सुरवात?" ह्यांनी कुंचला परत डब्यात बुडिवला.

मी काय खुळी न्हाई. पत्रा तापला की वाजतो आन निवला की वाजतो, एवढं मला बी कळतंय. गोठ्याच्या छपराचा पत्रा दिसभर तडतडत असतो. पर छपराच्या पत्र्याला काय धरबंद नसतो, कवा चार आवाज, कवा धा. शेपटीतनं येणारा आवाज एकच यायचा. दुपारी, बाराच्या फुडं. टक. मी हातातलं काम सोडून दुसऱ्याची वाट बघत बसायची. दुसरा कधीच आला न्हाई.

एक दिस च्या घिऊन गेले तर हे शेपटीवर उजवा तळवा टेकवून उभं. वाकून, बाळंतिणीच्या पोटावर सुईण हात ठिवती तसं. म्हणत हुतं, "ठीक?"

आतनं टक.

हे वळून म्हणालं, "ऐकलंस?"

"तुमी कसं ऐकलंसा? बंदुकीनं तुमचं दोन्ही कान गेल्यात. मी घसा फोडला तरी तुमाला ऐकू येत न्हाई."

"हाताला ऐकू येतंय," म्हणालं, आन च्या उचलून प्यालं.

त्याच दिवशी जेवताना सांगितलं, "मिरगाच्या आदल्या ऐतवारी माळावर न्यायचं. ट्रॅक्टर सांगितलाय. पंख तितं जोडतो."

"आन?"

"आन उडतो."

"परवानगी?"

"दोन पुरुस उंच घेतो आन टेकवतो. त्याला कसली परवानगी?"

"ती ओळ आतनं बगितली का?"

"बगायची गरज न्हाई. एकेचाळीस टक्कं मोजल्यात मी. बिरदेव ठीक म्हणलाय."

"डाक्टर म्हणला बराच येळ झाल्याला."

"डाक्टरला रिबिटातलं काय कळतंय?"

"आवं, मेल्यालं माणूस ठोकळा दाबतंय व्हय? वर गेल्यावर शेपूट गळून पडली तर? एक डाव आत बॅटरी मारून बगा, माज्या गळ्याची शपथ हाय तुमाला!"

हे ताटावरनं उठलं. भाकरी अर्धी तशीच. दारातनं म्हणालं, "बगितलं म्हंजी त्याच्यावर अविश्वास केला. उडालं तर त्यो खोटा न्हवता. बास." मी पोराला फोन लावला तर त्यो तिकडनं वरडला, "आई, आबांना बसू दिऊ नको." सोपं हाय सांगाय. सा फुटी बाप्याला मी कशी धरून ठिवू, दाव्यानं?

ऐतवार चार दिसांवर आला. मला जेवण जाईना. शेवटी उठले आन वस्तीवर गेले. राहीबाई दारात बसून बिरदेवचं घोंगडं झाडत हुती. मला बगितलं, ये म्हणली न्हाई. मी आपली उन्हातच उभी ऱ्हायले आन सगळं सांगितलं. "राहीबाई, माजं ऐकत न्हाईत. तुज्या शब्दाला न्हाई म्हणायचं न्हाईत. त्यास्नी वाचिव गं बाई."

तिनं घोंगडं एकदा, दोनदा झाडलं. धूळ माज्या तोंडावर आली. "माजा आत मरत हुता तवा तुमी कुरडया घालत हुतासा. आता तुमचा चाललाय तर मी पळत यीऊ व्हय?"

खरंच हुतं ते.

मग तीच म्हणली, "आक्का, त्यानं हाक मारली हुती का?"

"न्हाई गं."

"टक्का?"

"टक्का दिला. मी च्याला हाक मारली तवा एक दिला."

"एक म्हंजी ठीक."

"व्हय."

"मग मरणारं माणूस ठीक का म्हणंल?" तिनं माज्याकडं सरळ बगितलं. दम कोंडलाय, मला भायेर काढा, ह्याला किती टक्कं द्यायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी, मी म्हशींना वैरण टाकत हुते, तर राहीबाई आली. अंगणात थांबली न्हाई, थेट गोठ्यात. मी तांब्या घिऊन तिच्या मागं गेले. हे इंजिनाशी खटपट करत हुतं. तिला बगून उभं ऱ्हायलं, हात फडक्याला पुसत.

"दादा, मला आत जायाचंय," ती म्हणली. "जितं त्यो निजला हुता तितं."

"काय हाय तितं?"

"तुमची रिबिटं. आक्का म्हणत्यात, दाबल्यालं चपटं लागतं, न दाबल्यालं उभं. हाताला कळंल मला बी. उद्या तुमी उडायच्या आदी मला मोजायची हायेत."

हे पुसतच ऱ्हायलं. हात कवाच कोरडं झालं हुतं. मग लाकडाच्या पेटीवर बसलं आन जमिनीकडं बगून म्हणालं, "उभीच लागतील."

"म्हंजी?"

"बंदुकीच्या मागं माणूस दाबून हाय का न्हाई ते मनगटाला कळतं. पैली नऊ झ्याक गेली. धाव्यापासनं मागं कोण न्हवतं." आवाज बसत चालला हुता. "मला वाटलं रुसलाय. पाण्याला सोडलं न्हाई म्हणून मुद्दाम हात ढिला सोडलाय आन खोटा टक्का देतोय. म्हणलं, दे. कवर देतोस तेच बगतो. मी बी इरंला पेटलो. बत्तीस मारली तशीच."

"मग टक्कं?" मी इचारलं.

"ठोकळा मुठीतच हुता. बंदुकीच्या धक्क्यानं हात उडत आसंल आन पत्र्यावर पडत आसंल. मी ज्याला ठीक धरलं त्यो हात पडल्याला आवाज."

राहीबाईनं भितीला हात लावला. "म्हंजी धाव्याला त्यो न्हवता?"

"न्हवता."

"मग डाक्टर खरं बोलला," ती म्हणली. "पटकन गेला." तिचं खांदं खाली आलं, तीन आठवड्यात पैल्यांदाच. पाप लागायचं तर लागू दे, मी खरं सांगते, मला बी बरं वाटलं. मी हाक मारली तवा त्यो न्हवताच. मी माणसाला आत टाकून पळाले न्हवते, मड्याला टाकून पळाले हुते.

आन मग डोक्यात दुसरंच शिरलं. "आवं, तुमाला ठावं हुतं! शेपूट कच्ची हाय हे ठावं असून तुमी उद्या वर जाणार हुतासा?"

हे उठून इंजिनाकडं वळलं.

"मराय निघाला हुतासा! मला सांगताय दोन पुरुस उंच, आन मराय निघाला हुतासा!" हातातला तांब्या मी फेकून मारला. ह्यांना लागला न्हाई, भितीला टेकवल्याल्या पंखाला लागला, पोचा पडला. मी रडत हुते का शिव्या देत हुते ते मला सांगता येणार न्हाई, दोन्ही असंल.

राहीबाईनं तोवर काष्टा वर खोचला हुता. "दादा, ती रिबिटं काढली म्हंजी उडता येणार न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग काढते."

मी बॅटरी दिली तर नगं म्हणली. बिरदेवपेक्षा बी बारीक बाई, वाकली आन सहज आत सरली. तिच्या बी टाचा दिसल्या आन गेल्या. मग आतनं तिचा आवाज आला, घुमल्याला, लांबनं आल्यावाणी. "एक चपटं. दोन चपटं." नवापातूर ती मोजत गेली. हळू मोजत हुती. एकेका रिबिटावर हात फिरवत आसंल, तिच्या माणसाच्या हातचं ते शेवटचं काम. आमी दोघं भायेर उभं.

"दहावं उभं."

"ढकल," हे म्हणालं.

भायेर पांढऱ्या रंगाला बारीक तडा गेला, रंगाची खपली उडाली आन रिबीट खाली फरशीवर पडलं. टिंग. इतकं हलकं. मग अकरावं. मग बारावं. ती अंगठ्यानं ढकलत हुती आन एक एक टपटप पडत हुतं. पंधरा झाली, ईस झाली. शेपटीचा पत्रा मधनं सुटत चालला, फट पडली, फटीतनं तिच्या लुगड्याचं हिरवं दिसलं. माज्या जिवाला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं मोजाय लागले. पंचवीस. तीस. उद्याचं मरण माज्या म्होरं फरशीवर घरंगळत हुतं आन मी ते पायानं एका जागी लोटत हुते. म्हशी आता गोठ्यात आणायच्या, हे बी मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू?

चाळिसावं पडलं. पत्रा खाली लोंबला, दोन्ही टोकांना तेवढा धरून ऱ्हायला.

"झालं गं बाई," मी म्हणलं. "ये भायेर. उकडत आसंल."

"एक ऱ्हायलंय आक्का. शेवटचं."

"मग ढकल की."

आतनं लुगड्याची सळसळ आली, कूस बदलल्याची. मग ती म्हणली, "ह्ये निघंना."

"जोर लाव."

"लावला. ह्ये उभं न्हाई." तिचं बोट पत्र्यावर फिरल्यालं ऐकू आलं. "ह्ये चपटं हाय आक्का. पैल्या नवांवाणी. लय चांगलं चपटं हाय."

मला आदी काय कळंना. मी खाली बगितलं. एकतीस पडली हुती. ह्यांनी बत्तीस म्हणलं हुतं. मी ह्यांच्याकडं वळले, आता नवल करतील, पुढं होऊन बगतील म्हणून. ह्यांना नवल वाटलंच न्हवतं. उजवं मनगट डाव्या हातानं गच्च धरून उभं हुतं, ओठ पांढरंफटक. मनगटाला सगळं कळतं म्हणणाऱ्या माणसाला शेवटचं कळलं नसंल व्हय? कळलं हुतं. त्याच दुपारी कळलं हुतं. माज्या हाकंला टक्का आला तवा तर बंदूक थांबल्याली हुती. दीड तास त्यो तितं निजून हुता, जिता, हात उचलायची ताकद न्हवती तरी जमंल तसा टक्का देत हुता, आन शेवटच्याला काय उरलं हुतं ते सगळं लावून त्यानं ठोकळा दाबला हुता. आन हे म्हणालं हुतं, फिनिश.

"दादा," आतनं राहीबाई म्हणली, "ह्ये कुणी दाबलं?"

हे भितीला पाठ घासत खाली बसलं. मी तोंडावर पदर दाबला. राहीबाई भायेर यीना, आतनं परत परत तेच इचारत हुती.